बंब, गिझर आणि एक युनिट वीज

आमच्या आजीच्या न्हाणीघराबाहेर तांब्याचा बंब होता. मधोमध नळकांडं, त्याच्या तळाशी जाळी, भोवती पाणी. पहाटे त्यात बंबफोड आणि दोन-चार गोवऱ्या पडायच्या, वरून धूर निघायचा आणि थोड्या वेळानं तोटीतून कढत पाणी घंघाळात यायचं. त्यात विसण घालून आंघोळ. तेव्हा त्यात काही विशेष वाटलं नाही. पुढं एनर्जी ऑडिटच्या कामाला लागलो, कारखान्यांतले बॉयलर बघत हिंडायला लागलो, तेव्हा लक्षात आलं की आजीचा बंब म्हणजे लहानसा बॉयलरच. जाळ आत, पाणी भोवती, आणि धूर बाहेर पडता पडता नळकांड्याची भिंत तापवून जाणार. उघड्या चुलीवर हंडा ठेवण्यापेक्षा कितीतरी शहाणी रचना.

आता घरात गिझर आहे. १५ लिटर पाणी ३० अंशांनी तापवायचं तर ४५० किलोकॅलरी उष्णता लागते, म्हणजे अर्ध्या युनिटहून किंचित जास्त वीज. गिझरची कॉइल पाण्यातच बुडालेली असते, त्यामुळे जवळजवळ सगळी उष्णता पाण्यातच जाते. नुसत्या गिझरकडे पाहिलं तर त्याला पैकीच्या पैकी मार्क द्यावे लागतील.

पण ती वीज आली कुठून? महाराष्ट्रात तिचा मोठा वाटा अजून कोळशाचा आहे. २,९२० मेगावॅटच्या चंद्रपूरच्या केंद्रात काय चालतं ते पाहा. कोळसा जाळून पाणी तापवतात, त्याची वाफ करतात, वाफेनं टर्बाइन फिरवतात, टर्बाइन जनित्र फिरवतं. मग ती वीज शेकडो किलोमीटर तारांमधून येते आणि आपण तिच्यावर काय करतो, तर पाणी तापवतो. पाणी तापवायला आधी पाणी तापवायचं! या द्राविडी प्राणायामात किती वाया जातं याचा हिशेब अवघड नाही. एका युनिटमध्ये ८६० किलोकॅलरी असतात. जुन्या धाटणीच्या औष्णिक संचाला तेवढं एक युनिट काढायला साधारण २,४०० ते २,५०० किलोकॅलरीचा कोळसा जाळावा लागतो. म्हणजे शंभरातले पस्तीसच विजेत उतरले. बाकीचे पासष्ट कूलिंग टॉवरच्या वाफेतून आणि चिमणीतून गेले. त्यातून पुढं तारा, ट्रान्सफॉर्मर यांची गळती वजा करा, न्हाणीघरापर्यंत तीसेक पोचतात. कोराडीला ६६० मेगावॅटचे तीन सुपरक्रिटिकल संच आहेत. तिथं दाब इतका ठेवतात की पाणी उकळण्याची पायरीच उरत नाही, ते सरळ वाफेसारखं वागायला लागतं. अशा संचात कोळसा थोडा कमी लागतो, पण निम्म्याहून जास्त उष्णता तिथंही हवेतच जाते. उष्णतेपासून वीज करायची म्हटली की निसर्गाची ही वसुली चुकत नाही.

आजी असती तर म्हणाली असती, “मग बंबच बरा होता की!” तिला एका वाक्यात उत्तर देता येत नाही, आणि त्याच कारणानं हा लेख लिहायला घेतला. इथं दोन वेगळे प्रश्न एकमेकांत अडकलेत. एक, तेवढंच काम कमी ऊर्जेत होतं का? ही ऊर्जा कार्यक्षमता. दुसरा, तेवढंच काम कमी कार्बन हवेत सोडून होतं का? ही कार्बन कार्यक्षमता. जाहिरातींत, भाषणांत आणि सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दोन्ही एकच समजून बोललं जातं. बहुतेक वेळा त्या हातात हात घालून चालतात, त्यामुळे चूक खपून जाते. पण कधी कधी एक पुण्याला निघते आणि दुसरी नागपूरला.

आधी कार्बनचं माप डोळ्यासमोर आणू. कोळशापासून केलेल्या विजेच्या एका युनिटमागे साधारण ६५० ते ७०० ग्रॅम आपला देशी कोळसा जळतो आणि जवळपास एक किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. जाळलं त्यापेक्षा निघालं जास्त, हे ऐकून लोक माझ्याकडे संशयानं बघतात. कारण साधं आहे. कोळशातला कार्बन जळताना हवेतला ऑक्सिजन ओढून घेतो. १२ ग्रॅम कार्बनला ३२ ग्रॅम ऑक्सिजन चिकटतो आणि ४४ ग्रॅम वायू होतो. आपल्या कोळशात राखच तीस-चाळीस टक्के असते, तरीही वजन वाढून एक किलोच्या घरात जातं. तो एक किलो वायू जागा किती व्यापतो? गच्चीवरची ५०० लिटरची काळी टाकी आठवा. ती भरून.

देशातली सगळी वीज एकत्र धरली, म्हणजे कोळशाबरोबर पाणी, वारा, सूर्य, अणू सगळं, तर सरासरी युनिटमागे साधारण ०.७ किलो येते. हा ०.७ चा आकडा लक्षात ठेवा, आता त्यावरच सगळं आहे.

स्वयंपाकघरात येऊ. इंडक्शन शेगडी घ्या, ती कार्यक्षम आहे, असं दुकानदार सांगतो. खोटं नाही सांगत. गॅसच्या ज्वाळेची बरीच उष्णता पातेल्याच्या कडेनं वर जाते. चांगल्या शेगडीतही शंभरातली साठ-पासष्ट भांड्यात जाते. इंडक्शनमध्ये पंच्याऐंशीच्या आसपास, कारण तिथं भांड्याचा तळच तापतो. ऊर्जेच्या परीक्षेत इंडक्शन पहिली.

आता कार्बन मोजू. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. एक किलो एलपीजी जळला की तीन किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणजे अख्ख्या सिलिंडरचे ४२-४३ किलो. तेवढाच स्वयंपाक इंडक्शनवर करायचा तर १३० ते १४० युनिटं लागतील. त्यांना ०.७ ने गुणा. ९० किलोच्या वर जातं, आणि वाटेतली गळती अजून धरलेलीच नाही. म्हणजे जास्त कार्यक्षम शेगडीनं दुपटीहून जास्त कार्बन सोडला! शेगडीचा यात काही दोष नाही. तिच्यामागं चंद्रपूरची चिमणी उभी आहे एवढंच.

हीच इंडक्शन गच्चीवरच्या सौर पॅनलवर दुपारी चालवा. पॅनल बनवताना झालेला धूर त्याच्या आयुष्यभरात वाटून टाकला तर युनिटमागे ५० ग्रॅमच्या आसपास पडतो. १४० युनिटांचे झाले सात किलो. शेगडी तीच, डाळ तीच, आकडा नव्वदवरून सातवर. म्हणून ‘इंडक्शन चांगली की गॅस चांगला’ असं कुणी विचारलं की मी उलट विचारतो, वीज कुठली आणि किती वाजताची?

किती वाजताची, हा प्रश्न लोकांना चमत्कारिक वाटतो. वीज म्हणजे काय मेथीची जुडी आहे का, सकाळची ताजी आणि संध्याकाळची शिळी? खरं तर जवळजवळ तसंच झालंय. वीज साठवणं महाग, म्हणून ज्या क्षणी मागणी त्याच क्षणी निर्मिती करावी लागते. दुपारी बारा-एकला सौर वीज भरभरून येते. तेव्हा कोळशाच्या संचांना मान खाली घालून चालावं लागतं. पण त्यांना पूर्ण बंद करता येत नाही, कारण संध्याकाळी ते लागणारच आणि थंड बॉयलर पुन्हा पेटवून पूर्ण भारावर आणायला तासन्‌तास जातात. म्हणून ते क्षमतेच्या ५५ टक्क्यांपर्यंत खाली आणून धुमसत ठेवतात. कमी भारावर त्यांची कार्यक्षमता आणखी घसरते. पहिल्या गिअरमध्ये घाट उतरणाऱ्या ट्रकसारखी अवस्था. इतकं करूनही राजस्थानात दुपारची सौर वीज न्यायला तारा पुरत नाहीत म्हणून ती घेणं थांबवावं लागल्याचे प्रसंग आलेत. आणि सूर्य मावळला की घराघरांत दिवे, पंखे, टीव्ही, मिक्सर, एसी एकदम सुरू. तेव्हा सगळा भार पुन्हा कोळशावर.

या संध्याकाळच्या घाईला महाराष्ट्राचा जुना आधार म्हणजे कोयना. १,९६० मेगावॅट, आणि गंमत अशी की तिचे संच काही मिनिटांत सुरू होतात. पण कोयनेचं पाणी मोजकं आहे. पश्चिमेला, म्हणजे चिपळूणकडे, वर्षाला ६७.५ टीएमसीच (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट) सोडता येतं, अशी कृष्णेचं पाणी राज्यांत वाटून देणाऱ्या कृष्णा लवादाची मर्यादा आहे. म्हणून ते पाणी तिजोरीतल्या दागिन्यासारखं जपून, गरजेच्या वेळी काढायचं.

याहून विलक्षण आहे ते घाटघर. अकोले तालुक्यात डोंगरावर एक तलाव, खाली शहापूरच्या बाजूला दुसरा. विजेची टंचाई असते तेव्हा वरचं पाणी खाली सोडून २५० मेगावॅट वीज करतात. वीज जास्त असते तेव्हा तेच पाणी पुन्हा वर चढवतात. या चढउतारात शंभर युनिटं घातली तर पंचाहत्तर-ऐंशीच परत मिळतात. ऊर्जेच्या परीक्षेत घाटघर सरळ नापास, कारण ते वीज निर्माण करतं त्याहून जास्त खातं. पूर्वी असे प्रकल्प रात्रीच्या कोळशाच्या विजेवर पाणी चढवायचे, तेव्हा कार्बनमध्येही तोटाच होता, फक्त वेळ भागत होती. तेच पाणी आता दुपारच्या फालतू पडलेल्या सौर विजेवर चढवलं, तर संध्याकाळी तेवढा कोळसा वाचतो. वीस-पंचवीस युनिटं गेली, जाऊ देत. ती तशीही कुणी घेत नव्हतं. इंडक्शनच्या गोष्टीची ही बरोब्बर उलटी बाजू. तिथं ऊर्जा वाचली आणि कार्बन वाढला. इथं ऊर्जा घालवली आणि कार्बन घटला.

वेळेचं हे गणित आता बिलातही उतरायला लागलंय. टाइम ऑफ डे मीटर, म्हणजे कोणत्या वेळी किती वीज वापरली ते नोंदवणारं मीटर, बसलेल्या महावितरणच्या घरगुती ग्राहकांना २०२५ पासून सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापरावर युनिटमागे सूट मिळते. सुरुवात ८० पैशांपासून झाली. कपड्यांचं मशीन, इस्त्री, पिठाची घरघंटी, पाण्याची मोटर ही कामं उन्हात उरकली तर वापर एका युनिटनंही कमी न करता थोडा कार्बन आणि थोडे पैसे वाचतात. ज्यांच्या घरी दिवसा कुणीच नसतं त्यांनी काय करायचं, असं माझी बहीण विचारते. तिच्याकडे मशीनला टायमर आहे, पण ओले कपडे संध्याकाळपर्यंत मशीनमध्ये राहिले की वास येतो. हिशेबाच्या वहीत हा वास कुठं लिहायचा मला अजून समजलेलं नाही.

गच्चीवर पॅनल बसवलेल्यांचा एक गोड गैरसमजही इथंच सांगतो. २०२४ मध्ये पीएम सूर्यघर योजना आली, तीन किलोवॅटला ७८ हजारांपर्यंत अनुदान मिळायला लागलं, आणि आमच्या ओळखीत तरी बऱ्याच जणांनी पॅनल लावले. एक किलोवॅटमागे दिवसाला सरासरी चार युनिटं पकडा. नेट मीटरिंगमध्ये दुपारची जादा वीज ग्रिडला जाते, रात्री आपण तेवढीच परत घेतो, आणि बिल जवळजवळ शून्य. मग लोक म्हणतात, आमचं घर सौर ऊर्जेवर चालतं. रात्री दहाला एसी चालू असतो तेव्हा? तेव्हा तो कोळशावरच चालतो. दुपारी तुमचं युनिट शेजाऱ्याकडे गेलं आणि तिथं कोळशाचं एक युनिट वाचलं, म्हणून आज हिशेब बराचसा जुळतो. पण उद्या अख्ख्या गावाच्या गच्चीवर पॅनल आले की दुपारी वाचवायला कोळशाचं युनिटच उरणार नाही. मग बॅटरी तरी हवी, घाटघर तरी हवं, नाहीतर कामंच दुपारी सरकवायला हवीत.

एवढं वाचून कुणाला वाटेल की मग विजेची बचत वगैरे गौणच, वीज स्वच्छ झाली की झालं. तसं अजिबात नाही. जे युनिट लागलंच नाही, त्याला ना कोळसा लागत, ना पॅनल, ना तार. एक जुना छतपंखा ७५ वॅट खातो, बीएलडीसी मोटरचा नवा पंखा ३० च्या आसपास. रोज बारा तास, वर्षातले ३०० दिवस धरले तर एका पंख्यामागे १६० युनिटं वाचतात, म्हणजे शंभरावर किलो कार्बन डायऑक्साइड. वारा तेवढाच. आपल्याकडे घरोघरी तीन-चार पंखे असतात. एसीचं तापमान एक अंशानं वाढवलं की सुमारे सहा टक्के वीज वाचते, असं ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो सांगतो. हाच ब्यूरो पंखे, फ्रिज, एसी यांना तारे देतो. फक्त एक बघत जा: ताऱ्यांचे निकष मधूनमधून कडक होतात, त्यामुळे जुन्या साठ्यातला पाचतारा नव्या हिशेबात तीनतारा असू शकतो. लेबलवरचं वर्ष वाचल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

दिव्यांची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे, म्हणून थोडक्यात. जानेवारी २०१५ मध्ये उजाला योजना सुरू झाली, सरकारी कंपनीनं एलईडी बल्बची घाऊक खरेदी केली, भाव कोसळले, आणि ३६ कोटींहून जास्त बल्ब वाटले गेले. ६० वॅटच्या पिवळ्या बल्बचं काम ९ वॅटमध्ये व्हायला लागलं. इतकी झटपट आणि स्वस्तात झालेली बचत दुसरी सांगता येणार नाही.

पण त्या बल्बांबरोबर आणखी काय आलं? इमारतींच्या दर्शनी भागावर रात्रभर रंग बदलणाऱ्या पट्ट्या आल्या, मंडपामंडपात एलईडीच्या भिंती आल्या. उजेड स्वस्त झाला की माणूस जास्त उजेड वापरतो. विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञानं हे १८६५ मध्येच सांगून ठेवलंय. वाफेची इंजिनं कमी कोळशात चालायला लागली, म्हणून ब्रिटनचा कोळसा वाचेल असं लोकांना वाटत होतं. झालं उलटं. इंजिन परवडायला लागलं, जिथं तिथं बसलं आणि कोळशाचा खप वाढला.

एका देशाचा हिशेबही असाच चालतो. योइची काया नावाच्या जपानी अभ्यासकानं तो एका गुणाकारात बसवला: किती माणसं, माणशी उत्पन्न किती, रुपयाभर उत्पन्नामागे ऊर्जा किती, आणि त्या ऊर्जेमागे कार्बन किती. पहिल्या दोन गोष्टींना हात लावता येत नाही. माणसं आहेतच, आणि उत्पन्न वाढू नये असं कोणत्या तोंडानं म्हणणार? राहिले शेवटचे दोन. तिसरा म्हणजे आपला पंखा आणि बल्ब, चौथा म्हणजे चंद्रपूर की गच्ची. भारतानं २००५ ते २०२० या काळात रुपयामागचं उत्सर्जन ३६ टक्क्यांनी खाली आणलं, २०३० पर्यंत ही घट ४५ टक्क्यांवर न्यायचं वचन दिलंय. तरी एकूण उत्सर्जन वाढतंच राहिलं, कारण गुणाकारातले पहिले दोन आकडे त्याहून वेगानं वाढले. मथळ्यात ‘उत्सर्जन घटलं’ असं दिसलं की कोणतं घटलं, रुपयामागचं की एकूण, एवढं बघावं.

राहता राहिली शेती, आणि महाराष्ट्रात तिच्याशिवाय विजेचं बोलणं पुरं होत नाही. साताऱ्याकडे आमच्या आतेभावाच्या विहिरीवर पाच एचपीची मोटर आहे. वर्षानुवर्षं त्याला आठवड्याच्या पाळीनं लाईट मिळायची, कधी दिवसा, कधी रात्री. रात्रपाळीला बॅटरी घेऊन दारं धरायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला जायचं, सापकिरडू, बिबट्या, सगळं आलंच. कधी कुणाकडे लाईट येईल सांगता येत नाही म्हणून बहुतेकांनी ऑटोस्विच बसवलेले. लाईट आली की डीपीवरच्या, म्हणजे त्या ट्रान्सफॉर्मरवरच्या सगळ्या मोटरी एकदम उठायच्या, विजेचा दाब पडायचा, कुणाची तरी मोटर जळायची. जळाली की रिवायंडिंग. प्रत्येक रिवायंडिंगला मोटर थोडी थोडी आळशी होते.

मी एकदा सुट्टीत त्याच्या पंपाचं मोजमाप केलं. काही वाया न जाता एका युनिटमध्ये १० हजार लिटरचा टँकर ३६ मीटर उचलता येतो, म्हणजे बारा मजली इमारतीच्या गच्चीवर. आतेभावाच्या पंपानं तो नऊ मीटर उचलला. पंचवीस टक्के. पाइपच्या पाण्यातल्या टोकाचा फूट व्हॉल्व्ह बुजलेला, पाइप अरुंद, दोन ठिकाणी नको ते बेंड, आणि मोटर तीनदा जळून भरलेली. चांगल्या पंपाला यात सहज दुपटीनं काम करता येतं.

आता मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत त्याचा फीडर, म्हणजे शेतीची वीजवाहिनी, सौर झालाय, गावाजवळच्या पडीक जागेवरच्या पॅनलमधून दिवसा वीज येते. बिबट्याची भीती गेली. कार्बनच्या बाजूनं पाहिलं तर याहून छान जुळणी सापडणार नाही: ऊन दुपारी, वीज दुपारी, पाणीही दुपारी, आणि साठवायचं झालं तर बॅटरीऐवजी शेततळं. गेल्या वेळी गेलो तेव्हा मी त्याला म्हटलं, “दादा, निदान फूट व्हॉल्व्ह आणि पाइप तरी बदल. मोटरचं नंतर बघू.”

“कशाला?” तो म्हणाला. २०२४ पासून साडेसात एचपीपर्यंतच्या पंपांना वीज मोफत आहे, बिल येतच नाही. “आधी रात्री चार तास चालायची, आता दिवसा आठ तास चालते. पाणी तर येतंय ना?”

विहिरीत डोकावलो. पूर्वी पाण्याच्या वर सात पायऱ्या दिसायच्या. मी मोजल्या तेव्हा अकरा होत्या.